बघितलं की बरं वाटतं

परभणी जिल्ह्यात दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणारी माणसं शोधायला निघालात, तर आमच्या ह्यांच्या डॉक्टर मित्राचं घर खुशाल वगळा. हे गृहस्थ टरबूज घेताना फोड काढून लाल रंग बघणार, आणि शेजारचंही तपासणार. पाथरीच्या बसची पाटी वाचणार, कंडक्टरला विचारणार, तरी ड्रायव्हरकडून खात्री करून मगच बसणार. एकदा जेवायला आले. "पोळ्या झाल्यात, बसा," म्हटलं, तर स्वयंपाकघरात येऊन डब्याचं झाकणच उचललं. माझी सगळी कामं यादीवर चालतात, खूण केली की विषय संपला. मला राग आला.

"भाऊजी, विश्वास नाही का?"

"आहे की, वहिनी. पण बघितलं की बरं वाटतं."

माझे सासरे, आमचे मामा, निमोनियानं व्हेंटिलेटरवर गेले ते ह्याच डॉक्टरांच्या आयसीयूत. मामा हट्टी. घशातली नळी त्यांनी एकदा स्वतःच उपसून काढली. थोड्याच वेळात असा दम लागला की ती परत घालावी लागली. "आता काढली की पुन्हा घालायची वेळ येऊ नये. ह्या वयात झेपणार नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मी यादीत 'नळी' असं लिहून ठेवलं.

मग ते सोनोग्राफीचं मशीन ढकलत आले. पिंगळीहून आलेल्या आत्याबाई, मामांच्या बहीण, उठून उभ्याच राहिल्या.

"अगं बाई! दादाची सोनोग्राफी?"

"बारसं नाही करायचं, आत्या. फुफ्फुसाखाली एक पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो. इतके दिवस त्याचं काम मशीन करतंय आणि हा बसून खातोय. आता जमतंय का ते बघू."

व्हेंटिलेटरचा जोर कमी केला, बरगड्यांखाली जेल लावलं. स्क्रीनवर तो पडदा म्हणजे एक पांढरी रेघ, ती जेमतेम हलली. फुफ्फुसात पाणीही दिसलं.

"आज नको."

"आवो, डोळे उघडायलाय, हात हलवायलाय, काढा की ती नळी!" आत्याबाई म्हणाल्या. मामांनीही जोरजोरात मान हलवली.

"मामा, तुमच्या मानेला नाही विचारलं. पडद्याला विचारलंय."

पाणी उतरायचं औषध सुरू झालं, व्यायाम सुरू झाले. डॉक्टर रोज येऊन बघायचे, रविवारीसुद्धा. माझ्या यादीत 'नळी' एवढा एकच शब्द खुणेवाचून राहिला होता. मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "वहिनी, या. स्वतः बघा." विहिरीत बादली सोडावी तशी ती रेघ खाली जात होती, सावकाश वर येत होती. मामांना धाप नव्हती.

नळी निघाली. काम संपलं तरी डॉक्टर घरी जाईनात. दाराच्या काचेतून सारखे डोकावायचे. दुसऱ्या दिवशीही श्वास मामांचा मामांनीच घेतला, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लय भूक लागलीय." आत्याबाई रडता रडता त्यांच्यावर ओरडल्या, "आता कशाला हात लावशील तर बघ, दादा!" यादीवर खूण करायची मी विसरलेच.

डॉक्टर आता मोठ्या शहरात गेलेत. तिथंही टरबुजं कापून बघत असतील. मामा आमच्या झरी गावच्या घरी दुपारचे झोपतात, आणि हातातलं काम टाकून मी दारात थांबते. विचारत नाही, नुसतं बघते. पांघरूण वर जातं, खाली येतं. मामा डोळे न उघडताच म्हणतात,

"चालू हाय गं. जा तू."

मी आणखी थोडं बघते, मग जाते.