चेहरा सोडून काहीही

फिल्म पंधरा मिनिटांची, पण किस्से इतके साठलेत की आमच्या युनिटमधले दोघे जरी एकत्र आले, तरी घरची मंडळी चहा ठेवून सरळ आत निघून जातात. त्यांना सगळे पाठ आहेत! तुम्ही अजून ऐकलेले नाहीत, म्हणून सांगतो.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही सरकारी फिल्म खात्यात नोकरीला. दिग्दर्शक सबनीस, कॅमेरामन फर्नांडिस आणि साउंडला मी. पनवेलचे कादंबरीकार तात्या भिंगारकर यांच्या खासगी आयुष्यावर डॉक्युमेंटरी करायची होती. तात्यांची ख्याती अशी की पुस्तकावर फोटो नाही, सत्काराला हजेरी नाही, भाषण तर लांबच राहिलं. सबनीसनं तीन पत्रं पाठवली. उत्तर म्हणून एक पोस्टकार्ड आलं. "घरी असतो. भेटत नाही."

सबनीस खूश! "घरी असतात ना? मग चला की!"

*

तळ्याजवळचं कौलारू घर. दार काकूंनी उघडलं. आम्ही कोण, कुठले ते सांगेपर्यंत आतून आवाज आला, "त्यांना सांग, मी घरात नाही."

काकू शांतपणे म्हणाल्या, "ते घरात नाहीत म्हणतायत. चहा कोण कोण घेणार?"

असा तीन दिवस नुसता चहा झाला. चौथ्या दिवशी काकूच आत जाऊन म्हणाल्या, "अहो, एक तर यांची फिल्म होऊ द्या, नाहीतर दुधाचा रतीब वाढवा!"

तात्या बाहेर आले ते अटी घेऊनच. "चेहरा सोडून काहीही घ्या. पहिला खेळ पनवेलला. चार लोकांत बसून मी बघणार. मध्येच उठलो, तर डबा बंद. पुन्हा कुणाला दाखवायची नाही."

सबनीसनं मान डोलावली खरी, पण हातातला कप तसाच खाली ठेवला. त्याची ही पहिलीच फिल्म. नोकरीत अजून कायम झालेला नव्हता, आणि खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं, ही फिल्म पडद्यावर आली तरच कायम. मला त्याची फार दया आली.

*

चेहरा नको म्हटल्यावर उरलं काय? पाठ आणि टक्कल! फर्नांडिस दोन दिवस टक्कल घेत होता. खिडकीतून ऊन आलं की ते असं चमकायचं की बिचारा डोक्याला हात लावून बसायचा. शेवटी त्यानं काकूंना हळूच विचारलं, "थोडी पावडर लावली तर चालेल का?"

काकू डबा घेऊन आल्या आणि स्वतःच चोळून चोळून लावायला लागल्या. तात्या लिहिता लिहिता दचकले. "हे काय गं?"

"मुंबईची पद्धत आहे. तुम्ही लिहा!"

*

माझा हट्ट वेगळाच होता. लिहिताना टाकाचा कागदावर होणारा आवाज मला हवा होता. पण गल्लीच्या तोंडाशी बैलगाडीची चाकं करणारा सुतार. दिवसभर ठोकाठोकी! मी जाऊन त्याच्या विनवण्या केल्या, अर्धा तास थांब बाबा, तात्यांचं लिहिणं रेकॉर्ड करायचंय.

तो हसला. "मी ठोकतो तवर तात्या लिवतात. बंद केलं तर तेच बाहेर येतील, बगा."

त्यानं हातोडा खाली ठेवला. दोन मिनिटांत तात्या दारात. "का रे, आज बरं नाही का तुला?"

फिल्ममध्ये शेवटी हातोडाच राहिला. साहेबांना तो पार्श्वसंगीत वाटला आणि त्यांनी माझं कौतुकही केलं. मी घेतलं!

*

खासगी आयुष्य म्हटलं की शेजारपाजार आलाच. काकूंकडे रोज पाटीतून मासे घेऊन येणाऱ्या धुरपदाबाईंना सबनीसनं माइकसमोर बसवलं. बाई एकदम मोकळ्या. "मानूस चांगला हाय. भाव करत नाय. बोलत बी नाय."

सबनीसनं विचारलं, "त्यांचं एखादं पुस्तक वाचलंय का तुम्ही?"

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "त्यांनी कदी माजी पाटी उचललीय का?"

*

मुंबईला जाऊन रशेस, म्हणजे धुऊन आलेली कच्ची रिळं, पाहिली, आणि सबनीसचा चेहराच पडला. एक शॉट असा होता, जो घेतल्याचं फर्नांडिसनं कुणालाही सांगितलं नव्हतं. काकूंची नजर अधू झालेली. तात्या दुपारी लिहायला बसण्याआधी त्यांच्यासाठी सात-आठ सुया ओवून ओळीनं ठेवायचे. सुई ओवायला उजेड लागतो, म्हणून तात्या खिडकीकडे तोंड करून उभे. आणि खिडकीबाहेर फर्नांडिस! तात्यांचा एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक बाहेर, अख्खा चेहरा पडद्यावर.

"काप तो," सबनीस म्हणाला.

"सर, सगळ्या फिल्ममध्ये माणूस एवढाच आहे. बाकी टक्कल!"

सबनीसनं तो चार वेळा कापला आणि चार वेळा परत जोडला. पाचव्यांदा म्हणाला, "जाऊ दे. नोकरी दुसरी बघू." त्या दिवसापासून मी त्याला मनातून मानतो.

*

पनवेलच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळचा खेळ. थिएटर गच्च. गावातून, खाडीपलीकडून माणसं आलेली. तात्या-काकू मधल्या रांगेत, आम्ही तिघं त्यांच्या बाजूला भिंतीला टेकून उभे. पाठ झाली, टक्कल झालं, हातोडा झाला. धुरपदाबाईंना टाळ्या पडल्या. सबनीस पडद्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर तात्यांवर.

सुयांचा शॉट आला, 'अधू नजरेच्या पत्नीसाठी रोजच्या सुया' एवढंच निवेदन. एवढा मोठा चेहरा!

तात्या उठून उभे राहिले.

सबनीसनं माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ होता. काकूंनी तात्यांच्या हाताला हात लावला, तरी ते उभेच. अंधारात त्यांना ओळखणार कोण! तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणा अनोळखी म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

"वो बाबा, बसा ना खाली! बायकोला सुई ओवून देनारा बाप्या आमी कदी बगला नाय, बगू द्या की!"

तात्यांनी मागे वळून हात जोडले. "चुकलं, बाई," म्हणाले, आणि खाली बसले.