दातांनी सोललेली वायर

अण्णा वायर दातांनी सोलायचे. तंबाखूने काळे पडलेल्या दातांत ती धरायची, मानेला हिसका द्यायचा आणि निघालेलं प्लास्टिक थू करून तिथेच टाकायचं, मग ती जागा माझा ओटा का असेना. मी पक्कड पुढे केली तर म्हणायचे, "सूनबाई, पकडीनं तार तुटती. दाताला बरोबर कळतं."

अण्णा म्हणजे माझे चुलत सासरे. राजुरीतल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी त्यांनीच जोडलेल्या, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वायरीवर आपला हक्क आहे असं ते धरून चालत. चिकटपट्टीचा मळकट गोळा कायम खिशात, तंबाखूच्या पुडीला चिकटलेला.

नणंदेने लंडनहून कणीक मळायचं यंत्र आणलं. सासूबाईंची मनगटं कामातून गेली होती, आणि दुसऱ्याने मळलेली कणीक त्यांना चालत नसे. यंत्र चाललं तरच स्वयंपाकघर त्यांच्या हाती राहणार होतं. पण त्याच्या चौकोनी पिना आमच्या बोर्डात जाईनात. अण्णांनी तो प्लग कचकन कापला आणि ओतूरहून आणलेला बसवायला घेतला. तपकिरी वायर लावली, निळी लावली, हिरवी-पिवळी मुळापासून छाटली.

"अण्णा, ती अर्थिंगची आहे!"

"आपल्या विहिरीवर कुठं हाय अर्थिंग? कुणी मेलं का?"

कुणी मेलं का, हा त्यांचा कायमचा सवाल. ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमच्या स्वयंपाकघरात चप्पल येत नाही. सासूबाईंनी अनवाणी उभं राहून यंत्राच्या पत्र्याला ओला हात लावला आणि किंचाळत मागच्या भिंतीवर आदळल्या. अण्णांनी बटण बंद केलं आणि वर उपाय सांगितला, "वैनी, पाटावर उभं ऱ्हाऊन मळा."

मला त्या माणसाची किळस आली. "त्या मेल्या असत्या आत्ता!" मी ओरडले. सासूबाई यंत्राकडे पाठ करून बसल्या. "नगं मला ते. न्या उचलून."

अण्णा चहा न घेता गेले. सकाळी परत आले. अर्थिंगसाठी परसात खड्डा खणून मीठ-कोळशात तांब्याची पट्टी पुरली आणि तिची वायर बोर्डापर्यंत आणली. मग पुन्हा तेच दात, पुन्हा तीच थू, पण या वेळी हिरवी-पिवळी तिसऱ्या पिनेला घट्ट आवळली. चपला बाहेर काढून आले, फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, त्यात उभे राहिले आणि चालू यंत्रावर ओला पंजा ठेवला.

"वैनी, लावा आता हात."

तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्रावर पहिला ओला हात त्यांचा. निव्वळ अडाणीपणा, दुसरं काय!

अण्णा गेल्या उन्हाळ्यात गेले. यंत्र चालू आहे. त्याच्या वायरीवर दातांचे ठसे आहेत. पुसताना अजून शिसारी येते, तरी ती वायर मी कुणाला बदलू देत नाही.

परवा नवा मिक्सर आला. बटण चालू झालं, तरी सासूबाई हात आखडून लांबच उभ्या.

"आधी कोण लावणार?" त्या म्हणाल्या.

मी नळ सोडला आणि हात ओला केला.