जिन्याखालच्या खोलीचं दार

रंगवालीच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. शिडीवर चढली की भिंतीशीसुद्धा बोलायची, "काय गं बाई, किती पोपडे धरलेस!" रंगाऱ्याच्या धंद्यात बाई कशी, म्हणून नाक मुरडणाऱ्यांना ती ऐकवायची, "बाईने तोंड रंगवलं तर चालतं, भिंत रंगवली की मेलं यांच्या पोटात दुखतं!"

वळणावरच्या त्या घराचं काम निघालं तेव्हा बाकीचे रंगारी एकेक करून मागे सरले. हिने मात्र ते मागून घेतलं. त्या घरात जिन्याखालच्या खोलीचं दार आतून वाजतं, असं सगळे सांगत. अहो, वाजेल नाहीतर काय! आधीची म्हातारी मालकीण कामाच्या पोरीला तिथे कोंडायची. कप फुटला, कोंड. उलट बोलली, कोंड. एकदा पोर तापाने फणफणलेली असताना कोंडली आणि पाहुण्यांच्या गडबडीत विसरली. विसरली म्हणे! दार उघडलं तेव्हा पोर गेलेली होती. म्हातारीच्या मात्र केसालाही धक्का लागला नाही. पिकलं पान होऊन गादीवर सुखाने मेली.

ती पोर म्हणजे रंगवालीची थोरली बहीण. ताईने तिला कडेवर खेळवलं होतं, पण रंगवालीला ना तिचा चेहरा आठवत होता, ना आवाज. घरात फोटो नव्हता, आणि आईने तो विषय कधी काढू दिला नाही.

"लोकांना भूत नको असतं. मला माझं हवंय," ती नवऱ्याला म्हणाली. "एकदाच वाजवू दे दार. तेवढं तरी तिचं काहीतरी ऐकेन मी."

दुपारचा डबा ती त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून खायची. "ताई, मी आलेय गं, तुझी धाकटी." आत चिडीचूप. तिने काम मुद्दाम रेंगाळत ठेवलं, नको तिथे तिसरा हात मारला, पण छे! शेवटी तर ती चिडलीच. "रुसलीस होय? मी एवढीशी होते गं, मला काय कळत होतं?" आणि पदर तोंडात कोंबून रडली.

घर नव्याने घेतलेली मालकीण बिचारी साधी होती. एके दिवशी चहा देता देता म्हणाली, "कालही वाजलं हो, तुम्ही गेल्यावर."

"तुम्हाला बरं ऐकू येतं!" रंगवाली फटकन बोलून गेली.

"मी भीतीने कडी लावते ना, की जरा वेळाने सुरू होतं. उघडं असताना कधीच नाही."

रंगवालीने मान वळवून दाराकडे पाहिलं. ओला रंग दार मिटलं की चौकटीला धरतो, म्हणून कुठल्याही घरात ती आधी दारं उघडून त्यांना विटा लावायची. इथेही तेच केलं होतं. दार उघडंच, मग ताई वाजवेल कशाला?

चहा तसाच ठेवून ती उठली. वीट सरकवली, दार ओढलं. आता नुसती कडी घालायची, की झालं. जन्मभराची तहान भागणार होती. कडी हातात धरून ती उभी राहिली. याच कडीला त्या म्हातारीचा हात लागला होता.

"अगं बाई, मी काय करायला निघाले होते!" ती पुटपुटली. मग पेचकस काढला आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवायला लागली.

"अहो, दार कुठे नेताय?" मालकीण धावत आली.

"जाळायला. इथे पुन्हा दार लावाल तर याद राखा!"

घर शांत झालं ते कायमचंच. रंगवालीने भूत घालवलं, अशी वाहवा झाली. काही जण तर आपापल्या घरातली भुतं घेऊन तिच्या दारी यायला लागले.

त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं होतं, "भेटली का गं ताई?"

"भेटली असती," ती म्हणाली. "पण त्यासाठी मला तिला कोंडावं लागलं असतं."