मावशींच्या म्हशी

शनिवार पेठेतून आम्ही वाघोलीला राहायला आलो, तेव्हा दूध घालायला एक मावशी यायच्या. दूध मापताना त्यांची नजर खिडकीबाहेरच्या बांधकामांवर भिरभिरत असायची. "तिकडं बी खांब रोवलं का वो?" असं विचारायच्या आणि उत्तर न ऐकताच जिना उतरायच्या.

त्यांच्या म्हशींची ओढ्यापलीकडच्या कुरणात जायची वाट आमच्या सोसायटीतून होती. एका सकाळी कमिटीने फाटक बंद केलं. मावशींनी म्हशी रस्त्यातच उभ्या केल्या. मागे कंपन्यांच्या बसगाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजू लागले. सेक्रेटरी धावत आले.

"अहो, हा खाजगी रस्ता आहे!"

"आसंल. म्हशींला सांगा."

शेवटी फाटक उघडलं. म्हशी डुलत आत गेल्या. बाल्कनीतून पाहताना मला फार आनंद झाला.

संध्याकाळी मी म्हटलं, "मावशी, जिंकलात तुम्ही!"

त्यांनी दुधाचं माप पातेल्यात ओतलं.

"कशाचं वो ताई? वड्यापल्याडचं रान कालच लेकानं बिल्डरला दिलं. उद्यापास्नं तिथं कुंपणाला पत्रं लागत्यात."

"मग आज एवढं भांडलात कशाला?"

"आज चरल्या न्हवं पोटभर," त्या म्हणाल्या आणि शेजारची बेल वाजवायला गेल्या.