नियमात बसणारं सोनं

अमेरिकेत कायदा पाळणारी माणसं पुष्कळ आहेत; पण कायद्यालाच ओशाळं वाटावं इतका तो पाळणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. फ्रीवेवर पासष्टची पाटी असली की मामा बासष्टने जातात. "स्पीडोमीटरला एरर असते, जावईबापू. ती आपल्या विरुद्ध धरायची," असं ते समजावून सांगतात, तोवर मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून वाजवून थकलेला असतो. चँडलरमधल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात उभी हयात गेल्यामुळे केसाहून बारीक गोष्टींवर त्यांचा भारी जीव. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी व्हर्निअर कॅलिपर असतोच. भारतात जाताना बॅगा सगळेच मोजतात. मामा चाकांसकट मोजतात, आणि बॅग किंचित जरी मोठी भरली तरी चाकं बदलतात. एकदा मामींच्या पोळीचा व्यास दोन्हीकडून मोजून "वा, परफेक्ट!" म्हणाले होते. मामींच्या मते लग्नानंतरचं ते पहिलं कौतुक.

असा माणूस सोनं काढायच्या नादी कसा लागला, तर दसऱ्यामुळे. इथे कुणाच्या तरी परसात कांचनाचं झाड असतं, त्याचीच पानं आम्ही आपटा म्हणून वाटतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. मामांचं बिघडलं. रिटायर झाले त्या वर्षी हातातलं पान उलटसुलट करून म्हणाले, "हा कांचन. आपटा नव्हे. सणाच्या दिवशी डुप्लिकेट माल मी देणार नाही." आपट्याची पानं भारतातून आणावीत, तर झाडपाला आणायला मनाई, आणि मनाई म्हटल्यावर मामांपुरता विषय संपला. मग त्यांनी सरळ विचार केला. पान कशाच्या बदल्यात देतात? सोन्याच्या. सगळं जग सोनं परवडत नाही म्हणून पान देतं. आमच्या मामांनी पान मिळेना म्हणून सोनं द्यायचं ठरवलं.

उत्तरेच्या डोंगरात एक ओढा आहे, तिथे परवाना काढून हौशी लोक सोनं शोधतात. मामांनी एका म्हाताऱ्या अमेरिकनाकडून जुना ड्रेज विकत घेतला. ड्रेज म्हणजे पाण्यावर तरंगणारा व्हॅक्यूम क्लीनरच. इंजिनाच्या जोरावर नळीने तळाची वाळू ओढायची आणि खाचांच्या पन्हळीवरून वाहू द्यायची. सोनं जड, ते खाचेत बसतं, बाकीची वाळू परत ओढ्यात जाते. नळीचं तोंड होतं चार इंचांचं आणि ओढ्यावर परवानगी होती अडीचची. इतर लोक तोंडावर लहान भोकाचं कडं वेल्ड करतात आणि मोकळे होतात. मामा आधी गणिताला बसले. "उन्हात लोखंड एक्सपांड होतं. कडं तापलं की भोकही मोठं होणार. म्हणजे ऑगस्टमध्ये आपण इल्लीगल!" म्हणून भोक केसभर लहान, आणि वर मार्जिन म्हणून आणखी लहान. कडं गार पाण्यात बुडलेलं असणार, असं मी भीत भीत म्हणून पाहिलं. "आणि पाण्यात नेईपर्यंत?" मामांनी विचारलं. तपासणीला आलेल्या रेंजरबाईंनी माप घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, यू कॅन गो बिगर." मामा छाती काढून म्हणाले, "आय नो, मॅडम." त्या दसऱ्याला आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरी ते स्वतः गेले आणि पाण्याने भरलेल्या इवल्याशा बाटलीत एकेक सोन्याचा कण देऊन आले.

मी घरी बसून भरपूर हसलो होतो, पण पहिल्यांदा त्यांच्याबरोबर ओढ्यावर गेलो आणि माझी थट्टा जिरली. सत्तरी ओलांडलेला माणूस रबरी सूट घालून गार पाण्यात ओणवा झालेला, आणि नळीच्या तोंडाशी अडकलेला एकेक गोटा हाताने सोडवून होता तिथेच परत ठेवतोय. दिवस कलता कलता पन्हळीतल्या काळ्या वाळूत एक पिवळा ठिपका चमकला. "हे बघा," मामा हळूच म्हणाले, "डोंगर झाला तेव्हापासून हा इथे पडलाय. आता देशपांड्यांकडे जाणार." एवढ्याशा कणासाठी एवढा खटाटोप, आणि तोही देऊन टाकण्यासाठी, करणारा माणूस आपला नातेवाईक आहे याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

यंदा ओढ्यावरचा नियम आणखी आवळला: तोंड दीड इंच. बाकीचे हौशी लोक चिडले, मीटिंगा झाल्या. मामा एकाही मीटिंगला गेले नाहीत. "लिमिट म्हणजे स्पेसिफिकेशन. स्पेसिफिकेशनशी भांडायचं नसतं, डिझाइन बदलायचं." नुसतं कडं बदलून त्यांचं समाधान होईना. एवढ्याशा तोंडामागे मोठं इंजिन ठेवणं ही त्यांना लबाडी वाटली, म्हणून इंजिन लहान आणलं, पन्हळही कापून आखूड केली. "आता कुंकवाच्या करंड्यात मावेल तुमचं मशीन," मामी म्हणाल्या. इकडे पुण्या-नागपूरहून नवी बिऱ्हाडं येत होती, द्यायची घरं वाढत होती, आणि मामांची नजर अधू होत चालली होती. त्यांनी एकदा शांतपणे सांगून टाकलं, "यंदा सगळ्यांना पुरलं नाही, तर ड्रेज विकून टाकतो. काही घरी सोनं आणि काही घरी नुसतं तोंड दाखवायचं, हे मला जमणार नाही." त्यांचं ते बोलणं मला दसऱ्यापर्यंत छळत राहिलं.

दसऱ्याला आमचं घर, घरचंच म्हणून, शेवटी. मामा-मामी आले, बसले, आणि मामांनी बाटली आमच्या हिच्या हातात दिली. मला आत पाणीच दिसलं. "काल भिंगाखाली होतं," मामा म्हणाले. "आता मला दिसत नाहीये. तू बघ. नसेल तर स्पष्ट सांग, मी परत नेतो." त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. ही बाटली घेऊन खिडकीशी गेली आणि मावळत्या उन्हात ती कितीतरी वेळ फिरवत राहिली. मामी बाटलीकडे बघतच नव्हत्या, हिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आहे की मामा. हे काय, तळाशी," ही म्हणाली, आणि वाकून तिने दोघांना नमस्कार केला.

एरवी मोजून पाहिल्याशिवाय कुणाच्या शब्दावर विसंबणारे मामा नव्हेत. पण त्यांनी बाटली मागितली नाही, बाटलीकडे पाहिलंही नाही. "चला, म्हणजे सगळ्यांना पुरलं," एवढंच म्हणाले आणि चहा मागितला. पुढच्या वर्षीचा परवानाही त्यांनी काढलाय. हिला त्या संध्याकाळी खरंच काही दिसलं का, हे मी अजून विचारलेलं नाही.