फाट्यावर कुणीच नव्हतं

“ताई, उद्यापासून आमची पोरगी कॉलेजला जाणार न्हाय. तेवढं छापा.”

दत्तूभाऊ ऑफिसच्या दारातच उभे राहून बोलले. ऑफिस कसलं, भूममधला एक गाळा, एक कॉम्प्युटर आणि माझा मोबाइल. इथून मी बातम्यांची वेबसाइट चालवते. आमच्या धंद्यात तिला हायपरलोकल म्हणतात. म्हणजे ज्या बातमीत धाराशिवलासुद्धा फारसा रस नसतो, ती आमची हेडलाइन.

दत्तूभाऊ मेंढरं राखतात, ईट गावाजवळच्या एका वाडीत राहतात. सकाळची बस वाडीत न येता फाट्यावरूनच मागं वळायची. बाकीचे मोटरसायकलवर फाटा गाठायचे. दत्तूभाऊंकडे गाडी नाही. त्यांची राणी अंधारात चालत जायची. त्या दिवशी कुत्री मागं लागली, पळताना पडली, दोन्ही गुडघे फुटले. बारावीचं प्रॅक्टिकल अगदी तोंडावर आलेलं.

“मग वर्ष फुकट घालवायचं?” मी चिडूनच विचारलं.

“कुत्र्यानं तोडल्यावर वर्ष घिऊन काय करू, ताई?”

मी सरळ डेपोला फोन लावला. ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याची बाजू आधी ऐकून घ्यावी लागते, तिला आम्ही ‘व्हर्जन’ म्हणतो. डेपो मॅनेजर चांगला माणूस निघाला, तीच पंचाईत.

“मॅडम, बस वाडीपर्यंतच मंजूर आहे. पण आत कुणी नसतंच हो. सगळे फाट्यावर उभे. रिकामी गाडी आत कशाला फिरवायची?”

मग वाडी गाठली. सरपंच शांताबाई पारावरच भेटल्या.

“लोक फाट्यावर का जातात?”

“बस आत येत न्हाय म्हणून.”

“आणि येत होती तेव्हा?”

शांताबाई जरा घुटमळल्या. “तवाबी जायची. बस आत यिऊन परत फाट्यावरनंच जायची ना. मग आधीच तिथं चढायचं, खिडकी धरायची, आन् बसल्या जागी गावात यिऊन परत जायचं.”

मी कपाळावर हात मारला. जागा धरायच्या नादात लोकांनी गावातला पार रिकामा केला, आणि रिकामा पार बघून ड्रायव्हरने आत येणं सोडलं.

दोघांची वाक्यं एकाखाली एक ठेवली आणि वर मथळा दिला : ‘वाडीची बस कुणी पळवली? वाडीनेच!’

संध्याकाळपर्यंत फोनवर फोन. “आमचीच अब्रू काढता व्हय?”

“राणीचे गुडघे बघून या, मग बोला,” मी म्हणायची आणि फोन ठेवायची.

शेवटी शांताबाईंचा फोन आला. “ठरलंय. उद्या कुणी फाट्यावर जायचं न्हाय. पण कुणी गुपचूप गेलंच तर? राणीचं प्रॅक्टिकल उद्याच हाय.”

धाकधूक मलाही होती. बातमी वाचून मॅनेजर म्हणाले होते, “ड्रायव्हरला सांगतो, पण लोक फाट्यावरच दिसले तर तो आत येणार नाही.” खिडकीची सवय सुटणं काय सोपं आहे?

सकाळी मीच स्कूटी घेऊन फाट्यावर उभी राहिले आणि मोबाइलवर लाइव्ह सुरू केलं. बस आली. फाट्यावर चिटपाखरू नाही. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

“लोकं कुठं गेली, मॅडम?”

“आत. तुमचीच वाट बघतायत.”

बस वाडीकडे वळली आणि मी लाइव्हमध्ये अक्षरशः किंचाळले, “आली, आली!” बातमीदाराने असं करू नये म्हणतात. म्हणोत.

पाराजवळ अख्खी वाडी उभी होती. शांताबाईंनी बसला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, ड्रायव्हरच्या गळ्यात हार घातला. कंडक्टर ओरडत होता, “आवरा, मला पुढं पोचायचंय!” खिडकीसाठी भांडणारेच बाजूला झाले. म्हणाले, “आधी राणीला चढू द्या.” ती लंगडत चढली आणि खिडकीत बसली.

दत्तूभाऊ माझ्याजवळ आले. “ताई, पोरगी कॉलेजला चालली. तेवढं छापा.”

छापलं. आता बस रोज आत येते आणि खिडकीसाठीची भांडणं पारावर होतात. त्या बातमीला व्ह्यूज किती मिळाले? वाडीत जेवढे मोबाइल, साधारण तेवढेच. बस आत आणायला तेवढे पुरले.