चौथा ‘न्हाई’

भूत, भानामती, चकवा... ज्याचं वजन होत नाही, माप घेता येत नाही, त्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

बीडहून पालीकडे जाताना रस्त्यालगत एक फॅब्रिकेशनचं शेड आहे. तिथे मी अकरा वर्षं काम करतो. सहा मीटरचा लोखंडी गर्डर नव्वद किलोचा. चौघांनी उचलायचा, म्हणजे माणशी साडेबावीस. ठेवताना एक कड लाकडी ठोकळ्यांवर टेकवायची, बोटं काढून घ्यायची आणि ‘न्हाई’ म्हणायचं — म्हणजे खाली माझा हात न्हाई. चार ‘न्हाई’ मोजले की मुकादम सलीमभाई ‘सोड’ म्हणतात.

त्या दिवशी सकाळी सव्वाअकराला गर्डर ठेवताना माझा हातमोजा तारेत अडकला. मी ‘थांबा’ म्हणणार, तोच ‘सोड’ आलं. डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत गेली.

सलीमभाई म्हणाले, “अण्णा, चार मोजले मी. चौथा तुमचाच आवाज होता.”

मी तर तोंडच उघडलं नव्हतं! माझा संशय सरळ आमच्या चौघांतल्या निवृत्तीवर गेला. तो माझ्यासमोरच उभा होता, आणि सगळ्यांच्या नकला करतो — माझी तर हुबेहूब. मालकांना मी तसं सांगितलं. त्यांनी त्याला कामावरून कमी केलं.

तो दवाखान्यात आला. “अण्णा, नकला करतो मी, पण लोखंड हातात असताना? नारायणगडावर चला, देवासमोर शपथ घेतो.”

“शपथ घेऊन बोटं येतात का बे?”

पट्टी सुटल्यावर मालकांच्या मोबाईलवर शेडमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. आवाज नाही, पण चित्र स्वच्छ. निवृत्तीचा गाल तंबाखूने फुगलेला, ओठ मिटलेले. त्याने नुसती मान हलवली. माझेही ओठ मिटलेले. बोलले ते बाकीचे दोघंच. सात वेळा पाहिलं... दोघंच. त्या दोघांना विचारलं, तर त्यांनीही चार ‘न्हाई’ ऐकलेले.

मी तक्रार मागे घेतली, निवृत्तीच्या घरी जाऊन माफी मागितली. तो कामावर परतला. पुढे मीही रुजू झालो. पण मी गर्डरला हात लावला की तो बाजूला होतो.

“कावून रे? अजून राग हाय का?”

“राग न्हाई, अण्णा. तुमचा आवाज मी काढला न्हाई. मग कुणी काढला, ते कळल्याबिगर तुमच्यासंगं उचलायचं न्हाई.”